वऱ्हाडाच्या बसचा क्लेम

रत्नागिरीच्या कोर्टात व्हरांड्याला एक लाकडी बाकडा आहे, त्याचा एक पाय आखूड. त्यावर आम्ही बसतो. एकाच बसमध्ये पडलेली माणसं एकाच बाकड्यावर! तारखेच्या दिवशी घरी परत गेलं की शेजारीण दारातच विचारते, "काय झालं गो कोर्टात?" कोर्टात काही झालेलं नसतं. पुढची तारीख झालेली असते. मग मी तिला बाकड्यावर काय झालं ते सांगते. ती हसते, चार जणींना सांगते, त्या परत मला विचारायला येतात. असं करत करत एवढं साठलंय की कोणीतरी म्हणालं, लिहून काढ. मी चौथी शिकलेली. बोलते तशी लिहिणार. पटलं तर वाचा, नाही तर ठेवून द्या.

आधी बसचं सांगते. लांज्याहून आत आमचं गाव. वाडीतल्या मुलीचं लग्न रत्नागिरीत, म्हणून खासगी बस केलेली. जाताना देवाचं नाव घेत गेलो, येताना ड्रायव्हर मोबाइलवर गाणं शोधायला लागला. गाण्याच्या आधी वळण आलं! बस रस्ता सोडून चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन आडवी झाली. मेलं कोणी नाही, म्हणून हसतेय. पण माझा उजवा हात सीटच्या लोखंडाखाली सापडला. हाड जुळलं, बोटं काही मिटत नाहीत. पंजा उघडा तो उघडाच, येणाऱ्या-जाणाऱ्याला आशीर्वाद दिल्यासारखा.

मी काजूच्या कारखान्यात बी फोडत होते. डाव्या हातानं बी ठेवायची, उजव्या हातानं यंत्राची दांडी दाबायची. दांडी धरायलाच बोटं नाहीत तर फोडणार काय? कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर बोटं मिटतील. ऑपरेशनला पैसे हवेत. नवरा मुंबईला वॉचमन, गणपतीला नि शिमग्याला दिसणारा. म्हणून क्लेम लावला. तर विमा कंपनीनं कोर्टात लिहून दिलं: ही बाई गृहिणी आहे, कमवत नव्हती, तेव्हा नुकसान नाही. आणि हात तसा बराच आहे!

हे वकिलांनी वाचून दाखवलं त्या दिवशी मी घरी येऊन डाव्या हातानं दोन पातेली आपटली. उजव्यानं आपटता आली नाहीत, त्याचाच तर सगळा क्लेम!

* * *

इस्पितळात डॉक्टरच्या आधी वकिलांची माणसं आली. आम्ही वॉर्डात ओळीनं पडलेलो, कोणाचा पाय वर टांगलेला, कोणाचं डोकं बांधलेलं. त्या माणसांच्या हातात कागद, खिशात तीन-तीन पेनं. "ताई, क्लेम करायचाय ना? सही करा." मी म्हटलं, "मेल्या, सही करायचा हात प्लास्टरमध्ये आहे." तर म्हणतो, "चालेल ताई, अंगठा द्या, अंगठा बाहेर दिसतोय!"

आमच्या वाडीतले भिकूमामा गुडघा मोडून पडलेले. त्यांच्यासाठी त्यांचा धाकटा भाऊ पेज घेऊन आलेला. हातात डबा, अंगावर धड ओरखडा नाही. त्या पेनवाल्यांतल्या एकानं त्यालाच धरला.

"कुठं लागलं काका?"

"मी पेज घेऊन आलोय."

"ते राहू द्या. बसमध्ये कुठल्या सीटवर होतात?"

"मी बसमध्ये नव्हतो रे बाबा."

"बरं, मग सही इथं करा, सीटचं नंतर बघू!"

आणि त्यानं केली सही! मी विचारलं, "अहो, केलीत कशाला?" तर म्हणाला, "एवढ्या प्रेमानं कोण विचारतो हल्ली, कुठं लागलं म्हणून?"

* * *

दत्ताराम भावोजींची गोष्ट निराळी. सगळे बसमध्ये होते म्हणून भांडत होते, हा एकटा नव्हतो म्हणून भांडत होता!

त्याचं झालं असं. लग्नघराशी त्यांच्या घराचं बोलणं बंद. एका आंब्याच्या झाडावरून भावकीत जुंपलेली. त्यांची बायको शालू, तिनं तर शपथच घातलेली, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. पण भावोजींना लग्नातल्या जेवणाचा मोह आवरेना. लांज्याला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि बसच्या शेवटच्या सीटवर डोक्यावर टॉवेल घेऊन बसले. बस आडवी झाली, भावोजींचा घोटा मोडला. आता घरी काय सांगायचं? सांगितलं, फणसावरून पडलो.

शालूनं विचारलं, "मार्गशीर्षात फणसावर काय करत होतात?"

"यंदा धरतील का, ते बघायला चढलेलो."

"आणि बँक?"

"बँकेच्या मागे आहे ना, तोच फणस."

तिनं ऐकून घेतलं. पुढे क्लेम लागले, तेव्हा आम्हीच यादीत भावोजींचं नाव घातलं. वकिलांनी घरी फोन केला, तो शालूनं उचलला. वकील म्हणाले, "तुमच्या यजमानांच्या बस अपघाताबद्दल बोलायचं होतं." ही म्हणाली, "बस नाय, फणस." वकिलांना काही कळेना. त्यांनी सवयीनं विचारलं, "फणसाचा विमा होता का?"

पुढच्या तारखेला शालू स्वतः कोर्टात हजर! भावोजी बाकड्याच्या एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला. वकील आले तसा तिनं त्यांचा कोटच धरला. म्हणाली, "साहेब, पैसे मिळोत न मिळोत, हा माणूस त्या बसमध्ये होता एवढं सिद्ध करून द्या. मला घरी वापरायचंय!"

* * *

आता टक्क्यांचं. हात-पाय किती निकामी झाला ते सरकारी डॉक्टर टक्क्यांत लिहून देतात. त्यावर क्लेम ठरतो. त्या दाखल्यासाठी आम्ही किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. डॉक्टर आहेत तर शिक्का नाही, शिक्का आहे तर डॉक्टर मीटिंगला. शेवटी एकदाचे दाखले मिळाले. त्या दिवसापासून बाकड्यावर आल्या आल्या पहिला प्रश्न, "तुला किती टक्के?"

भिकूमामांना चाळीस टक्के मिळाले. मामा दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन कोर्टात! लंगडत लंगडत सगळ्यांना वाटत सुटले. शिपायाला दिला, झेरॉक्सवाल्याला दिला. म्हणाले, "शाळेत कधी पस्तिसाच्या वर गेलो नाही. आज मास्तर असते तर त्यांच्या पाया पडलो असतो!"

मला अठरा टक्के. मामांनी माझ्याकडे बघून चुकचुक केलं. "कुंदा, नर्व्हस होऊ नको. पुढच्या टायमाला तयारी करून जा."

मी म्हटलं, "मामा, बोटं मिटत नाहीत माझी. पेपर सोडवायचा नव्हता!"

तेवढ्यात कंपनीचे वकील समोरून आले. मामांनी त्यांनाही पेढा दिला. त्यांनी तोंडात टाकला, हसून विचारलं, "कशाबद्दल आजोबा?"

"तुमच्या कृपेनं चाळीस टक्के पांगळा झालो, त्याबद्दल!"

पेढा वकिलांच्या घशात अडकला. आमच्याच वकिलांनी पाणी दिलं.

* * *

या कंपनीच्या वकिलांचा आवाज मोठा खणखणीत, अगदी देवळात शोभेल असा. तिथंच घोटाळा झाला.

आमच्याकडे देवीसमोर गाऱ्हाणं घालतात. गुरव मोठ्यानं म्हणत जातो, बा देवी, असं असं कर, याचं भलं कर, त्याची वाट मोकळी कर. आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. झोपेत कोणी त्या चालीवर बोललं तरी तोंडातून निघेल.

त्या दिवशी आमच्या गावचा गुरव बाळू पिंजऱ्यात होता. त्याचा खांदा निखळलेला. आम्ही मागच्या बाकावर. जेवणानंतरची वेळ, वर पंखा, डोळे जड झालेले. कंपनीचे वकील उभे राहिले आणि लागले चालीवर बोलायला.

"मी म्हणतो, त्या दिवशी बस अगदी सावकाश चालली होती..."

मागून कोणीतरी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"ड्रायव्हरची यात काडीची चूक नव्हती..."

आता सगळे जागे होऊन एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

"आणि तुम्ही सगळे पैशासाठी खोटं बोलताय..."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज पिंजऱ्यातल्या बाळूचा! आणि माझाही होता, खोटं कशाला सांगू.

आमच्या वकिलांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. न्यायाधीश मॅडम घाटावरच्या, नवीन आलेल्या. त्यांना वाटलं, सगळ्यांनी कबुलीच दिली. त्या टायपिस्टला थांबवून म्हणाल्या, "हे काय? तुम्हाला हे मान्य आहे?"

बाळूनं हात जोडले. "नाय मॅडम. ता काय आमचं मान्य करणं नाय. आम्ही देवीलापण असंच होय होय म्हणतो. आणि मग आपल्याला करायचं तेच करतो!"

मॅडम बराच वेळ खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. खांदे हलत होते त्यांचे.

* * *

बाळूचाच दुसरा प्रकार लोकअदालतीतला. तिथं दोन्ही बाजू समोरासमोर बसतात आणि तडजोड करतात. कंपनीचा साहेब आलेला, मुंबईचा, बूट चकचकीत. त्यानं कागदावर एक आकडा लिहिला आणि बाळूकडे सरकवला. "पटत असेल तर आजच मिटवू."

बाळू म्हणाला, "देवीला विचारून सांगतो."

साहेबाला वाटलं, देवी म्हणजे बायको. म्हणाला, "विचारा की फोन करून."

बाळूनं लावला व्हिडिओ कॉल. पलीकडे बाळूचा भाऊ, देवळाच्या गाभाऱ्यात! त्यानं देवीला कळे लावले. म्हणजे फुलांच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीला चिकटवतात. उजवा कळा पडला तर देवीचं होय, डावा पडला तर नाही. त्याला कौल म्हणतात. आमच्या गावात याच्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही.

फोन टेबलावर उभा करून ठेवला. बाळू हात जोडून, आम्ही हात जोडून. दोन्ही वकील वाकून. साहेब आधी घड्याळ बघत होता. मग तोही वाकला. मग हळूच बूट काढले त्यानं, मी पाहिलं! कळा काही पडेना. मधेच रेंज गेली, देवी थिजली. सगळे ओरडले, "हॅलो, हॅलो!" परत आली. साहेब पुटपुटत होता, "उजवा, उजवा, उजवा..."

पडला डावा!

साहेबानं आपला कागद ओढून घेतला, आकडा खोडला, आणि फोनकडे बघून म्हणाला, "त्यांना म्हणावं परत लावा. वाढवून देतो!"

बाळूचं त्या दिवशी मिटलं. कंपनीनं देवीचं ऐकलं. माझ्या बाबतीत मात्र साहेबानं कागदाला हातच लावला नाही. म्हणाला, "ही बाई कमवत होती याला पुरावा काय?"

* * *

पुरावा म्हणून आमच्या वकिलांनी कारखान्याच्या मालकाला साक्षीला बोलावलं. आठ वर्षं त्याच्याकडे बी फोडली. काजूच्या सालीचं तेल अंगावर उडून हाताची कातडी निघायची, राख लावून परत बसायचे. पण कागदावर त्याच्याकडे एकही बाई कामाला नव्हती. आमची नावं दाखवली तर त्याचा फंडाचा घोळ बाहेर येणार. पिंजऱ्यात चढला तेव्हाच त्याला घाम.

वकिलांनी विचारलं, "या बाई तुमच्याकडे कामाला होत्या?"

"ओळखीच्या आहेत."

"कारखान्यात यायच्या?"

"यायच्या."

"रोज?"

"हो, रोज. सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या."

"कशाला?"

मालकानं रुमालानं मान पुसली. "गप्पा मारायला!"

मी बसल्या जागेवरून उठले. "आठ वर्षं? कोणाशी रे गप्पा मारत होते, काजूंशी?"

मॅडमनी मला बसवलं. मालक मॅडमना म्हणतो, "बघितलंत ना मॅडम, बोलतात किती त्या!"

त्या दिवशी बाकड्यावर कोणी हसलं नाही. शालूनं तिच्या डब्यातली घावनं काढून माझ्यापुढे ठेवली. वकील म्हणाले, "कुंदाताई, अवघड झालं जरा. आता सगळं तुमच्या हातावर आहे." मी म्हटलं, "साहेब, तोच तर चालत नाही!"

* * *

आता शेवटची तारीख. त्या दिवशी कंपनीनं आपला साक्षीदार आणला. बघते तर काय, चैत्रात आमच्या घरी आलेला काजूचा व्यापारी! ऐन दुपारी उन्हातून आला होता, बी बघायला म्हणून. लालबुंद झालेला. मी म्हटलं, आधी जेवा. तो व्यापारी नव्हताच. कंपनीनं पाठवलेला माणूस तो, माझा हात चालतो का ते गुपचूप बघायला. शर्टाच्या खिशात मोबाइल, कॅमेरा बाहेर, सगळं चित्रीकरण चालू!

कंपनीचे वकील खूश. त्यांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. मी विहिरीवरून येतेय, कमरेवर पाण्यानं भरलेला हंडा.

"बघा मॅडम! ही म्हणे अपंग बाई!"

मी म्हटलं, "मॅडम, हंडा कमरेवर आहे. कमरेचा क्लेम मी केलेलाच नाही!"

वकिलांनी पटकन व्हिडिओ थांबवला. "एवढंच दाखवायचं होतं."

मॅडम म्हणाल्या, "नाही. पूर्ण बघू."

"पुढे काही विशेष नाही मॅडम, जेवणच आहे."

"जेवण बघू."

लावला पुढे. माझ्या स्वयंपाकघराची जमीन दिसायला लागली, ताट दिसलं, कुळथाची पिठी, भात, जावेनं थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. मग माझा डावा हात आला आणि ताटात भाकरी पडली. माझा आवाज, "डाव्या हातानं वाढत्येय, मनात काही आणू नका. पाहुण्याला असं वाढायला मलाच लाज वाटते. पण उजव्यात पळी राहत नाही." मग बराच वेळ नुसता जेवणाचा आवाज. भुरका मारल्याचा. सगळं कोर्ट ऐकतंय! साक्षीदार पिंजऱ्यात मान खाली घालून उभा.

"वैनी, अजून थोडी पिठी," व्हिडिओतून आवाज.

परत डावा हात.

"वैनी, अजून एक भाकरी मिळंल?"

भिकूमामा मागून म्हणाले, "पोटभर जेवलास ना रे?" शिपायानं त्यांना गप्प केलं.

मग पाहुणा उठला, हात धुतले. खिशातून नोट काढली. मी नको म्हणतेय. तो म्हणतोय, "भावानं दिली समजा. डाव्या हातात नको वैनी, लक्ष्मी आहे. उजव्यात घ्या." त्यानं माझ्या उजव्या पंजावर नोट ठेवली. पंखा चालू, नोट उडाली. त्यानं उचलली, परत ठेवली, परत पडली. मग पडद्यावर त्याचे दोन्ही हात आले. त्यानं माझं एक एक बोट धरून नोटेवर मिटवलं. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. सोडलं की उघडायचं. परत मिटवलं, परत उघडलं. नोट जमिनीवर. किती वेळ तो तेच करत होता. मला तेव्हा एवढं कळलंच नव्हतं.

आणि मग त्याचा आवाज, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. "आयला... खरंच नाही मिटत."

व्हिडिओ संपला. वकिलांनी लॅपटॉप बंद केला. बंद करताना जरा जोरातच केला.

मॅडमनी चष्मा काढला. कंपनीच्या वकिलांना विचारलं, "वकीलसाहेब, हा साक्षीदार नक्की कोणाचा?"

वकील लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले. साक्षीदारच पिंजऱ्यातून बोलला, हात जोडून.

"मॅडम, पगार यांचा खातो, भाकरी त्यांची खाल्ली. तुम्हीच लिहा काय ते!"